हुनैन बिन इसहाकचा रिसाला : एका ग्रंथसूचीचे वाचन

आपल्या सभासंमेलनांतून एक यादी नेहमी ऐकू येते. जाबिर, ख्वारिज्मी, राझी, इब्न सीना, जहरावी, इब्न नफीस. नावामागून नाव येते, टाळ्या पडतात आणि व्याख्यान संपते. पाठ्यपुस्तकांनी ज्यांना जागा दिली नाही त्यांची नावे कोणीतरी घ्यायला हवीतच, तेव्हा या यादीला आमचा आक्षेप नाही. आमची तक्रार एवढीच की यादीतल्या एकाही माणसाचे पुस्तक कोणी उघडत नाही. कोणी काय लिहिले, कशाच्या आधारे लिहिले, त्यात काय राहून गेले, हे विचारण्याची वेळच येत नाही. ज्या काळाचा आपण एवढा अभिमान सांगतो, त्याच काळातल्या एका माणसाने स्वतः एक यादी करून ठेवली आहे आणि ती याच प्रश्नांनी भरलेली आहे. ती आपण वाचत नाही, हे आम्हाला खटकते.

हा माणूस म्हणजे अबू जैद हुनैन बिन इसहाक अल्-इबादी. जन्म इ.स. ८०८ च्या सुमारास, इराकमधल्या कूफा शहराजवळच्या हीरा येथे. मृत्यू ८७३ मध्ये. बाप औषधे विकणारा. धर्माने नेस्तोरी ख्रिस्ती. त्या काळी इराक-शामच्या ख्रिस्ती विद्वानांची ग्रंथभाषा सुरयानी होती. हुनैन ती जाणत होता, अरबी जाणत होता, आणि पुढे त्याने ग्रीक अशी आत्मसात केली की बगदादेत तिच्यात त्याचा हात धरणारा कोणी उरला नाही. असे सांगतात की, तरुणपणी वैद्य यूहन्ना बिन मासवैह याच्या वर्गात तो फार प्रश्न विचारीत असे. गुरूने वैतागून त्याला हाकलले आणि हीराच्या लोकांनी बाजारात पैशांची मोड देत बसावे, वैद्यकी त्यांचे काम नव्हे, असा टोमणाही मारला. तोच यूहन्ना पुढे हुनैनकडून भाषांतरे करवून घेणाऱ्यांत होता.

आता यादीविषयी. जालीनूस हे नाव आपल्या घरांना परके नाही. 'युनानी दवाखाना' ही पाटी आपण रस्त्याने जाताना वाचतो, सफरा, सौदा, बलगम हे शब्द आजीच्या तोंडून ऐकलेले असतात. त्या सगळ्यामागे जी दोन मोठी ग्रीक नावे आहेत त्यांतले एक बुकरात आणि दुसरे जालीनूस, म्हणजे दुसऱ्या शतकातला पर्गामोनचा वैद्य गॅलेन. त्याने एवढे लिहिले की स्वतःच्या पुस्तकांची सूची त्याला स्वतःलाच करावी लागली, कारण रोमच्या पुस्तकबाजारात त्याच्या नावावर भलतीच पुस्तके विकली जात होती. सहा शतकांहून अधिक काळाने हुनैनने त्या सूचीपासूनच आपल्या सूचीची सुरुवात केली. अली बिन याह्या या खलिफाच्या दरबारातल्या विद्याप्रेमी गृहस्थाला पत्र लिहावे तसा हा रिसाला लिहिलेला आहे. साल ८५६ च्या आगेमागे, हुनैनचे वय ४८. नंतर काही वर्षांनी त्याने त्यात भर घातली. एकूण १२९ पुस्तकांच्या नोंदी आहेत. प्रत्येक पुस्तकात काय आहे, किती भाग आहेत, सुरयानीत कोणी आणले, अरबीत कोणी आणले, कोणासाठी आणले, ग्रीक प्रत कुठे मिळाली आणि कशी होती, हे तो सांगत जातो. रिसाल्याचे जे लांबलचक शीर्षक हस्तलिखितावर आहे त्यात 'त्याच्या माहितीप्रमाणे' अशा अर्थाचा शब्द आहे, आणि ज्यांची भाषांतरे झाली नाहीत अशा काही पुस्तकांचाही उल्लेख आहे. जे झाले नाही तेही सांगणारी सूची. येथूनच आमचे कुतूहल जागे झाले.

प्रस्तावनेतच हुनैन सांगतो की जन्मभर देशोदेशी फिरून जमवलेली त्याची सगळी पुस्तके एका फटक्यात गेली. एकही हाती राहिले नाही. जालीनूसने ज्यात आपल्या ग्रंथांची सूची दिली ते पुस्तकसुद्धा गेले. म्हणजे ही १२९ पुस्तकांची हकिकत तो बव्हंशी आठवणीतून लिहितो आहे. पुस्तके कशी गेली ते तो येथे सांगत नाही. नंतरच्या चरित्रकारांनी एक मोठी दुःखकथा दिली आहे: त्याच्याच सहधर्मीय वैद्यांनी मत्सराने कट केला, खलिफा मुतवक्किलने त्याला कैदेत टाकले, ग्रंथसंग्रह जप्त झाला. ही कथा हुनैनच्या स्वतःच्या शब्दांत म्हणून दिली जाते, पण ती खरोखर त्याचीच का, याविषयी आजच्या अभ्यासकांना शंका आहे. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की, रिसाल्यात या हानीसाठी त्याने दोन-चार वाक्यांपलीकडे जागा दिलेली नाही. लगेच कामाला लागतो.

आणि कामाची सुरुवात करताना एक नियम सांगतो, जो आमच्या मते या संपूर्ण ग्रंथाचा कणा आहे. भाषांतर कोणी केले एवढे कळून भागत नाही; करणाऱ्याची ताकद किती होती, त्याने ते कोणत्या वयात केले, आणि कोणासाठी केले, हेही कळायला हवे. कारण भाषांतराची प्रत करणाऱ्याच्या कुवतीवर जशी ठरते तशी ज्याच्यासाठी केले त्याच्यावरही ठरते. हे वाक्य एखाद्या आधुनिक भाषांतरमीमांसेच्या पुस्तकात सापडले असते तर आपण त्यावर चर्चासत्र भरवले असते.

नियम सांगून तो थांबत नाही, स्वतःला पहिल्यांदा लावतो. वैद्यकातल्या पंथांविषयी जालीनूसचे एक छोटे पुस्तक आहे. अरबीत 'किताबुल फिरक'. हुनैन लिहितो की विशीच्या सुमारास त्याने ते एका गिऱ्हाईकासाठी सुरयानीत आणले, ते एका अतिशय सदोष ग्रीक प्रतीवरून. पुढे चाळिशीत त्याचा शिष्य हुबैश याने ते दुरुस्त करून मागितले. तोवर त्याच्याकडे त्याच पुस्तकाच्या अनेक ग्रीक प्रती जमल्या होत्या. त्याने त्या एकमेकींशी ताडून एक शुद्ध प्रत सिद्ध केली, मग जुने सुरयानी भाषांतर तिच्याशी ताडून दुरुस्त केले. आणि पुढे एवढेच म्हणतो की जे जे मी भाषांतरित करतो त्यात माझी हीच रीत आहे. पाठचिकित्सा या शास्त्राचे नाव युरोपात रूढ होण्याच्या कितीतरी शतके आधीची ही नोंद आहे, म्हणून तिचा गौरव होतो तो योग्यच. पण आमचे लक्ष वीस आणि चाळीस या दोन आकड्यांकडे जाते. प्रसिद्धीच्या शिखरावर असलेला माणूस आपले विशीतले कच्चे काम नाव, वय आणि कारण यांसह नोंदवतो. ते वगळले असते तर कोणाला कळले असते?

दुसरी नोंद याहून रंजक. जालीनूसचा 'हीलतुल बुर', म्हणजे उपचारपद्धतीवरचा १४ भागांचा मोठा ग्रंथ. सहाव्या शतकात सर्जिअस नावाच्या रास-अल्-ऐनच्या वैद्याने तो सुरयानीत आणला होता. हुनैनच्या मते पहिले सहा भाग सर्जिअसने भाषांतरात कच्चा असताना केले, उरलेले आठ हात बसल्यावर, म्हणून ते बरे उतरले. वैद्य सलमवैह याने हुनैनला हे उरलेले आठ भाग दुरुस्त करायला सांगितले. दोघे सातव्या भागापासून बसले. सलमवैहच्या हातात सुरयानी, हुनैनच्या हातात ग्रीक. एक वाचणार, दुसरा ऐकून फरक सांगणार. काही पाने झाल्यावर लक्षात आले की डागडुजीपेक्षा नवे घर बांधणे सोपे. मग हुनैनने त्या भागांचे नवे भाषांतर केले. खलिफा मामूनच्या मोहिमांचे दिवस होते, मुक्काम रक्का शहरात. भाषांतर नकलून घेण्यासाठी बगदादला निघालेल्या एका परिचिताच्या हाती दिले. नावेला आग लागली, पुस्तक जळाले, दुसरी प्रत नव्हती. काही वर्षांनी हुनैनने बख्तीशू बिन जिब्रील या वैद्यासाठी पूर्ण ग्रंथ पुन्हा पहिल्यापासून केला.

ग्रंथसूचीत नाव जळण्याची हकिकत कशाला, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. त्या काळी पुस्तक म्हणजे एक विशिष्ट प्रत. ती कोणाकडे होती, कुठून कुठे गेली, जळाली की वाचली, यावरच ते पुस्तक जगात आहे की नाही हे ठरत असे. हुनैन पुस्तकांची नुसती नावे लिहीत नाही, त्यांची चालती-बोलती परिस्थिती लिहितो. अलेक्झांड्रियात विद्यार्थी रोज जमून जालीनूसचे ठरलेले पुस्तक कसे वाचत, आणि त्याच्या काळी ख्रिस्ती विद्यार्थी आपापल्या मदरशांत तसेच कसे जमतात, हेही तो जाता जाता सांगतो. अशा एका वाक्यातून अध्यापनाची कित्येक शतकांची परंपरा हाती लागते.

आता दोन लाडक्या दंतकथांविषयी बोलणे भाग आहे. पहिली सोन्याची. मामूनने हुनैनला भाषांतराच्या वजनाइतके सोने दिले, म्हणून हुनैन जाड कागदावर मोठ्या अक्षरांत, ओळींत भरपूर अंतर सोडून लिहवून घेई, अशी गोष्ट तेराव्या शतकातला वैद्यचरित्रकार इब्न अबी उसैबिआ देतो. तसली जाडजूड पुस्तके आपण स्वतः पाहिल्याचेही तो म्हणतो. गोष्ट गोड आहे. पण मामून ८३३ मध्ये वारला तेव्हा हुनैन पंचविशीत होता. त्याच्या कामाचा मोठा भाग त्यानंतरचा. रिसाल्यात त्या सोन्याचा मागमूस नाही. दुसरी दंतकथा बैतुल हिकमतची. आपल्या बहुतेक व्याख्यानांत मामूनचे बैतुल हिकमत म्हणजे भाषांतराचे एक भव्य सरकारी खाते असते आणि हुनैन त्याचा प्रमुख अधिकारी. दिमित्री गुतास यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले की हुनैन आपल्या सगळ्या रिसाल्यात बैतुल हिकमतचे नावही घेत नाही. ज्याने प्रत्येक भाषांतर कोणासाठी झाले ते लिहिले, त्याने आपल्याच कार्यालयाचे नाव विसरावे, हे पटण्याजोगे नाही.

मग रिसाल्यात कोण दिसते? माणसे दिसतात. एका बाजूला बख्तीशू, सलमवैह, यूहन्ना यांच्यासारखे ख्रिस्ती वैद्य. त्यांना पुस्तके सुरयानीत हवी असत, कारण त्याच भाषेत ते शिकले होते. दुसऱ्या बाजूला मुहम्मद बिन मूसा आणि त्याचा भाऊ अहमद यांच्यासारखे मुसलमान गणिती आणि धनिक. त्यांना तीच पुस्तके अरबीत हवी असत. या भावंडांच्या घरातून भाषांतरकारांवर महिन्याला सुमारे ५०० दीनार खर्च होत, असे इब्न नदीमने नोंदवले आहे. हुनैनची स्वतःची भाषांतरे बहुतांशी सुरयानीत आहेत, शंभराच्या आसपास. अरबीतली त्याच्या निम्म्याहूनही कमी. हुबैश, ईसा बिन याह्या हे शिष्य पुष्कळदा त्याच्या सुरयानीवरून अरबी करीत. म्हणजे ज्याला आपण सुवर्णयुगाचे 'अरबी' विज्ञान म्हणतो त्याची अर्धी वाट सुरयानीतून गेली, एका अल्पसंख्य समाजाच्या भाषेतून, आणि त्या वाटेचा खर्च दोन्ही धर्मांच्या लोकांनी उचलला.

हे सांगताना आम्हाला कोणाचे श्रेय कमी करायचे नाही. उलट आम्हाला वाटते की श्रेय नेमके सांगितले की ते वाढते. पण आपल्या लेखनात या जागी एक अडखळणे दिसते. हुनैनचे नाव यादीत येते, त्याचा धर्म गुपचूप गळून पडतो. काही पुस्तिकांत तर तो सरळ 'मुस्लिम शास्त्रज्ञ' होतो. ज्या समाजाला स्वतःच्या योगदानाचा उल्लेख पुसला गेल्याची वेदना माहीत आहे, त्याने दुसऱ्याच्या बाबतीत तेच करावे, ही गोष्ट आम्हाला टोचते. हुनैनचा आश्रयदाता मुसलमान होता, वाचक मुसलमान होता, आणि हुनैन ख्रिस्तीच राहिला. बगदादचे मोठेपण या तीन गोष्टी एकत्र नांदण्यात आहे.

श्रेयाचाच आणखी एक मुद्दा. हुनैन आणि हुबैश ही नावे अरबी लिपीत नुक्ते न देता लिहिली तर जवळजवळ सारखी दिसतात. नकलनविसांना मोठे नाव माहीत, धाकटे नाही. त्यामुळे हुबैशची कितीतरी भाषांतरे हुनैनच्या खात्यावर जमा झाली. इब्न नदीम आपल्या ९८७ सालच्या 'अल्-फिहरिस्त'मध्ये याला हुनैनचे नशीब म्हणतो आणि वाचकाला सुचवतो की खरे पाहायचे तर हुनैनने अली बिन याह्यासाठी केलेली सूचीच पाहा. त्या सूचीत हुबैशचे नाव हुबैशच्याच पुस्तकापुढे आहे. शिष्याचे श्रेय गुरूच्या लेखणीने वाचवले, अशी उदाहरणे आमच्या माहितीत फार नाहीत. आजच्या विद्यापीठांकडे पाहून तर नाहीतच.

या ग्रंथाला उणिवाही आहेत. हुनैनचा स्वर पूर्वसूरींविषयी कडक आहे, कधी कधी जरा जास्तच. सर्जिअसची जी भाषांतरे आज उपलब्ध आहेत ती तपासणाऱ्या अभ्यासकांना ती हुनैन म्हणतो तेवढी वाईट वाटत नाहीत. धंद्यातली चढाओढ सूचीत उतरली आहे, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. शिवाय सूचीचा परीघ एकट्या जालीनूसचा. त्याच बगदादेत सुश्रुत आणि चरक यांचे ग्रंथ भाषांतरित झाले होते, इब्न नदीमने ते नोंदवले आहेत. हुनैनला त्यांचे कारण पडत नाही. आणि लेखनिक, कागद, मोबदला यांविषयी तो फारसे बोलत नाही. पुस्तकांच्या जगातला हाताने राबणारा माणूस येथेही अदृश्यच राहिला.

तरी या स्वराची दुसरी बाजूही आहे. वैद्यकीय संज्ञांवरच्या जालीनूसच्या एका पुस्तकात अरिस्टोफेनीस या नाटककाराचे उतारे येतात. तेथे हुनैनने भाषांतर थांबवून टीप दिली की ग्रीक प्रत अशुद्ध आहे आणि मला अरिस्टोफेनीसच्या भाषेचा सराव नाही, म्हणून हा भाग सोडतो. दुसऱ्यांना तोलणारा तराजू तो स्वतःसाठीही बाहेर काढतो, म्हणून त्याचा कडकपणा आम्हाला सोसतो.

रिसाल्याचे पुढचे नशीबही सांगण्यासारखे आहे. इब्न नदीमने तो वापरला, इब्न अबी उसैबिआने वापरला. एकाच वैद्याच्या ग्रंथांची सूची करण्याचे काम पुढे बेरूनीने राझीसाठी केले आणि १८४ पुस्तके नोंदवली. मग हुनैनचा मूळ मजकूर विस्मरणात गेला. इस्तंबूलच्या अयासोफिया ग्रंथालयातल्या एका हस्तलिखितावरून जर्मन पंडित गॉटहेल्फ बेर्गष्ट्रेसर यांनी तो १९२५ मध्ये भाषांतरासह छापला. नंतर दुसरे हस्तलिखित मिळाले तेव्हा १९३२ मध्ये पुन्हा त्यावर लिहिले. कैरोत डोळ्यांचा दवाखाना चालवणारे जर्मन ज्यू डॉक्टर माक्स मायरहोफ यांनी १९२६ मध्ये त्याची ओळख इंग्रजी वाचकांना करून दिली. २०१६ मध्ये जॉन लॅमोरो यांनी अरबी मजकूर आणि इंग्रजी भाषांतर नव्याने काढले. मराठीत तो नाही. इंग्रजीवरून का होईना, कोणीतरी तो करावा. फार मोठा ग्रंथ नाही.

करणाऱ्याने दोन नोंदी विशेष लक्ष देऊन कराव्यात. एक 'किताबुल बुरहान'ची. सिद्धतेवरच्या जालीनूसच्या या १५ भागांच्या ग्रंथासाठी हुनैन जजीरा, शाम, फलस्तीन, मिस्र असा अलेक्झांड्रियापर्यंत हिंडला. दमिश्कमध्ये सुमारे अर्धा मिळाला, तोही तुटक आणि क्रम सोडून. तो ग्रंथ आजतागायत पूर्ण मिळालेला नाही; राझीसारख्यांनी जालीनूसशी वाद घालताना दिलेल्या उताऱ्यांतून त्याचे तुकडे ओळखता येतात.

दुसरी नोंद दुःख टाळण्याविषयीच्या पुस्तकाची. हुनैन सांगतो की एका माणसाने जालीनूसला विचारले, तू कधी खचलेला का दिसत नाहीस, त्याला हे उत्तर. या पुस्तकाची ग्रीक संहिता हरवली असे शतकानुशतके सगळे धरून चालले होते. २००५ मध्ये आंत्वान पिएत्रोबेली या फ्रेंच अभ्यासकाला ती ग्रीसमधल्या थेस्सालोनिकीच्या व्लाताडोन मठातल्या एका हस्तलिखितात सापडली. इ.स. १९२ मध्ये रोमला लागलेल्या आगीत आपली पुस्तके आणि औषधे कशी खाक झाली, हे जालीनूस तिच्यात लिहितो.